नऊ आण्यांचं पुस्तक

गेल्या वर्षी १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, एका शाळेनं मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. शाल झाली, श्रीफळ झालं, हाराऐवजी पुस्तक देऊन झालं. मग आठवीतला एक मुलगा उठला आणि त्यानं विचारलं, "मॅडम, तुमचं आयुष्य बदलून टाकणारं पुस्तक कोणतं?" प्रश्न पाठ करून घेतलेला होता. त्याच्या मागं उभ्या असलेल्या सरांचेही ओठ हलत होते.

मी 'श्यामची आई' म्हणून मोकळी झाले. टाळ्या पडल्या.

खोटं होतं ते. म्हणजे ते पुस्तक वाचून मी रडले होते, सगळेच रडतात. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत ते लिहून काढलं, आणि त्या पाच दिवसांवर मराठी घरांतल्या चार पिढ्यांनी डोळे पुसले. पण माझ्या आयुष्यात त्यानं काही हललं नाही. उलट आईनं राबायचं असतं आणि लेकरानं मोठेपणी ते आठवून रडायचं असतं, ही समजूत थोडी घट्टच झाली. (हे तिथं बोलले असते तर शाल परत मागितली असती.)

खरं उत्तर लांबलचक होतं आणि त्यात पुस्तकापेक्षा माणसंच जास्त होती.

आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर. आमच्याकडं माणसाची पहिली ओळख हीच. घाटावरचा की घाटाखालचा? गावात ड वर्गाचं एक वाचनालय होतं. दोन खोल्या, तीन लोखंडी कपाटं आणि एक लांब बाक, त्याच्यावर सकाळी पेपर वाचणाऱ्यांची दाटी. देवघेव संध्याकाळी साडेपाच ते सात. ग्रंथपाल म्हणजे ज्यांना आम्ही काका म्हणायचो ते, दिवसा स्वतःची पिठाची चक्की चालवायचे. त्यामुळं आमच्या वाचनालयातल्या बऱ्याच पुस्तकांना ज्वारीच्या पिठाचा वास होता. अजूनही चक्कीवरून जाताना मला एखादी कादंबरी आठवते.

सभासदत्व बाबांच्या नावावर. अनामत वीस रुपये. घरातल्या बाईमाणसानं वेगळं सभासद व्हावं असा नियम नव्हता, आणि होऊ नये असाही नव्हता. कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बाबा सातवी शिकलेले. पाच एकर कोरडवाहू, कापूस-ज्वारी-तूर. शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला त्यांच्या सदऱ्याला कायम लावलेला असायचा. सदरा धुवायला टाकताना बिल्ला काढून देवळीत ठेवायचे आणि आई त्यावरून त्यांना बोलायची. शरद जोशींची सभा झाली की पुढचे आठ दिवस आमच्या ओट्यावर दुसरी सभा चालायची. अशाच कुणीतरी सभेतून आल्यावर सांगितलं म्हणून बाबांनी वाचनालयातून जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' आणला.

त्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या ओळी महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर रंगवलेल्या असतात. विद्येविना मती गेली, मतीविना नीती गेली. आमच्याही शाळेच्या भिंतीवर होत्या, 'वित्त'मधला एक त पावसानं धुऊन गेलेला. पण भिंतीवर पान उलटता येत नाही. बाबांनी पानं उलटली आणि शेवटाकडच्या एका मजकुरावर ते थांबले. १८८३ सालचं लिखाण. फुले सरकारला सांगतात की डोंगरटेकड्यांवरच्या पालापाचोळ्याचं, मेलेल्या किड्यामुंग्यांचं, जनावरांच्या मलमूत्राचं सत्त्व पावसाबरोबर ओढ्यानाल्यांतून वाहून वाया जातं. तसं न होता ते शेतात मुरावं म्हणून जागोजाग बंधारे घाला. माणसं कुठून आणायची? तर लष्करात आणि पोलिसांत रिकामे बसलेले शिपाई आहेतच की, लावा त्यांना कामाला.

बाबांनी तो परिच्छेद तीनदा वाचला. तिसऱ्यांदा मोठ्यानं. मग म्हणाले, "हा माणूस आपल्या नाल्यावर येऊन गेला काय?"

शंभर वर्षांपूर्वीचं, पुण्यात बसून लिहिलेलं, आणि ते आमच्या नाल्याबद्दल होतं. तोवर माती वाहून जाते म्हणजे पाऊस जास्त झाला, एवढंच बाबांना ठाऊक होतं. वाहून जाणं हा कुणाचा तरी दोष असू शकतो, तो थांबवणं हे कुणाचं तरी काम असू शकतं आणि ते काम झालं नाही म्हणून जाब विचारता येतो, हे त्यांना त्या पानानं दाखवलं. त्या उन्हाळ्यात त्यांनी धुऱ्याला स्वतःच दगडाची ताल घातली. शिपायांची वाट पाहिली नाही. पुढं पाणलोटाच्या योजना आल्या, साहेब आले, नकाशे आले. प्रत्येक साहेबाला बाबा सांगायचे, "हे फुल्यांनं आधीच सांगेल हाय." साहेब मान डोलवायचे आणि नकाशा उलगडायचे.

इथवर गोष्ट सरळ आहे. शेतकऱ्यानं पुस्तक वाचलं आणि बांध घातला. अशा गोष्टी सांगायला बऱ्या वाटतात. पुढची इतकी सरळ नाही.

बारावीनंतर मी औरंगाबादला शिकायला गेले. (आताचं नाव वेगळं आहे, पण मी गेले ती औरंगाबादला.) जाऊ द्यायला बाबा सहज तयार झाले नव्हते. विद्येविना मती गेली हे मुलांच्या बाबतीत त्यांना पटकन कळत होतं, मुलीच्या बाबतीत ते हिशेब मांडून बघत होते. अखेर मामानं भांडून परवानगी मिळवली. एम.ए.ला असताना, १९९१ च्या पावसाळ्यात, विभागाच्या ग्रंथालयात एक बारीकसं पुस्तक हाती लागलं. ताराबाई शिंदे, 'स्त्रीपुरुष तुलना'. मूळ प्रकाशन १८८२, पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे.

प्रस्तावना वाचताना मी एका शब्दावर अडखळले. बुलढाणा.

ताराबाई बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे तिथंच सरकारी कचेरीत हेडक्लार्क, सत्यशोधक समाजातले. चार भावांत ही एकटी बहीण. मुलींची शाळा नव्हती म्हणून वडिलांनी घरीच मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. १८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला, लोकलाजेपायी स्वतःचं मूल मारलं म्हणून फाशीची शिक्षा झाली. पुढं ती कमी झाली. पण त्या निमित्तानं वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांच्याच चारित्र्याची जी धुणी धुतली गेली, ती वाचून या बाईचं डोकं फिरलं आणि तिनं लिहायला घेतलं. एकच पुस्तक लिहिलं. त्यावर इतका गदारोळ झाला की तिनं पुन्हा काही छापलं नाही. सत्यशोधकांतल्याही काही पुरुषांना ते झोंबलं. फुल्यांनी मात्र 'सत्सार' या आपल्या पुस्तिकेत तिची बाजू घेतली. पुढं ते पुस्तक विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं. मध्ये गेली ९३ वर्षं.

मला राग आला होता, पण तो आधी ताराबाईंच्या छळाबद्दलचा नव्हता, त्याहून क्षुद्र होता. मी बुलढाणा जिल्ह्यात वाढले, जिजाऊंचं सिंदखेडराजा आमच्याकडचं म्हणून मिरवलं, लोणारचं सरोवर पाहुण्यांना दाखवलं. आणि ही बाई आमच्याकडची, हे मला कुणीही सांगितलं नाही. आमच्या तीन कपाटांत ते पुस्तक नव्हतं. शिक्षकांच्या बोलण्यात ते नाव नव्हतं. फुले बाबांच्या हातात ठेवणारं कुणीतरी सभेत भेटलं. ताराबाई माझ्या हातात ठेवायला कुणी नव्हतं.

त्या दिवाळीत मी पुस्तक घेऊन घरी आले.

आई ओसरीत मूग निवडत बसली होती. मी म्हटलं, वाचून दाखवते. ती म्हणाली, वाच बापा. तिला माझ्या अभ्यासातलं काही वाचून दाखवायची ही पहिलीच वेळ. आजवर बाबा वाचायचे आणि ती काम करता करता ऐकायची, म्हणजे ऐकत असेल असं आम्ही धरून चालायचो.

जुनी भाषा, लांब लांब वाक्यं. मला वाटलं कंटाळेल. पण ताराबाईंचं गद्य मुळात भांडणाचं आहे. ते वाचायला बसून होत नाही, बोलायलाच लागतं. नवरा देवासारखा म्हणता, तर मग त्यानं देवासारखं वागायला नको का, असं ती विचारते, तिथं आईचा हात सुपात थांबला. नवऱ्यासाठी यमाच्या दारापर्यंत जाणारी सावित्री तुम्हांला ठाऊक आहे, पण बायकोसाठी यमाकडं गेलेला एखादा तरी नवरा ऐकलाय का, अशा अर्थाची जागा आली तेव्हा ती मोठ्यानं हसली. एवढी हसली की शेजारच्या काकू डोकावल्या, आणि मला ती जागा काकूंसाठी पुन्हा वाचावी लागली.

"हे तं आमचंच बोलणं हाय," आई म्हणाली. "इहिरीवर बोलतो आमी. छापाले कायले लागते?"

मग थोड्या वेळानं, "कोणं लिवलं?"

"बुलढाण्याची बाई होती. एकशेनऊ वर्षं झाली."

"बुलढाण्याची?" मूग तसेच राहिले. "मंग आपल्याले काऊन माहीत नाही?"

मी एम.ए. करत होते. उत्तर माझ्याकडं नव्हतं.

बाबा मागं खाटेवर होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाले, "भाषा जरा जास्तच तिखट हाय बाईची." 'असुडा'ची भाषा काय गुळाची होती? भटाबामणांना, साहेबांना, सावकारांना फुल्यांनी हाणलेले फटके बाबा ओट्यावर बसून चवीनं वाचून दाखवायचे. तिथला तिखटपणा त्यांना सत्य वाटला. इथला मात्र घशात अडकला. मी सांगितलं की फुल्यांनीच या बाईची बाजू घेतली होती. त्यावर ते "बरं" म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. बैलांना पाणी तासापूर्वीच दाखवून झालं होतं.

आता जे सांगायचंय ते इथंच आहे, म्हणून जरा थांबते.

त्याच्या आधीच संघटनेची लक्ष्मीमुक्ती आमच्या गावात येऊन गेली होती. घरच्या लक्ष्मीच्या नावावर थोडी तरी जमीन करा, असं जोशींनी सांगितलं आणि बाबांनी इतरांबरोबर दीड एकर आईच्या नावावर केली. सभा झाली, हार झाले, आईनं नवीन लुगडं नेसून अंगठा दिला. पण तो कागद तिनं कधी पाहिला नव्हता. कुठला दीड एकर, नाल्याकडचा की रस्त्याकडचा, हेही तिला माहीत नव्हतं. आम्हांलाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर आई बाबांना म्हणाली, "माह्या नावाचा कागद हाय ना, तो दाखवा बरं."

बाबांनी पेटीतून सातबारा काढला. मी कंदिलाजवळ धरून वाचून दाखवला. नाल्याकडचा दीड एकर होता, ताल घातलेला. आईनं नावावरून बोट फिरवलं आणि कागद स्वतःच्या डब्यात ठेवला. पुस्तकामुळं की कसं, छातीवर हात ठेवून मी सांगू शकत नाही. मूग संपले होते, रात्र मोकळी होती, हेही कारण असेल. जमीन चळवळीनं दिली, हे नक्की. कागद मात्र आईनं त्या रात्री मागितला.

म्हणूनच 'एका पुस्तकानं आयुष्य बदललं' असं कुणी म्हणालं की मी जरा सावध होते. बाबासाहेब आंबेडकरांची गोष्ट आपण अशीच सांगतो. कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी सत्कारसभेत त्या मुलाला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं आणि पुढं १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली. चरित्रकार ही सभा १९०७ मधली, मॅट्रिकनंतरची मानतात. खुद्द बाबासाहेबांनी मात्र इंग्रजी चौथी पास झाल्याचा तो प्रसंग म्हणून लिहिलंय. ते काही असो. मला त्या आठवणीतला दुसराच भाग जास्त मोलाचा वाटतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत ते वडिलांविषयी सांगतात. रामजी सकपाळ कबीरपंथी. मुलांकडून घरात रामायण-महाभारत मोठ्यानं वाचून घ्यायचे, ऐकायला आणखी माणसं यायची. मुलानं विचारलं, ज्यांत आपल्यासारख्यांना खाली ढकललंय ती पुस्तकं आम्ही का वाचायची? वडिलांनी द्रोण, कर्ण, वाल्मीकी यांची उदाहरणं दिली. लहान समजल्या गेलेल्या घरांतली माणसं किती उंच गेली बघ, तुमचा न्यूनगंड जावा म्हणून वाचायला लावतो. मुलाचं समाधान झालं नाही. ते उत्तर त्याला पटलं नाही, आणि त्या न पटण्यातच केळुसकरांचं पुस्तक येऊन पडलं. रिकाम्या मनानं मी बुद्धाकडं गेलो नव्हतो, असं ते स्वतःच म्हणतात.

म्हणजे एका घरात वाद चालू होता, त्यात तिसऱ्या माणसानं एक पुस्तक आणून ठेवलं आणि पन्नासेक वर्षं ते आत काम करत राहिलं. शिवाय ते पुस्तक आकाशातून पडलेलं नव्हतं. केळुसकरांनी ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या ग्रंथमालेसाठी लिहिलेलं. पुढं त्याच मुलाला कॉलेजसाठी महिना पंचवीस रुपये मिळाले ते याच महाराजांकडून, आणि तेही केळुसकरांच्याच खटपटीनं. याच सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाचा अमेरिकी ग्रंथपाल बडोद्याला आणला. गावोगाव वाचनालयं काढली. जिथं तीही नव्हती तिथं लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून पाठवली. नाशिक जिल्ह्यातल्या कौळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक गेलेला हा राजा. लहानपणी अक्षर न शिकलेल्या माणसाला पुस्तकाची वाहतूक कळली, याचं मला नवल वाटत नाही. भुकेल्यालाच वाढपी कुठं अडलाय ते दिसतं.

ती पेटी आमच्याकडं आली असती तर, असं मी पुष्कळदा मनात खेळून बघते. पाचशेतली एखादी प्रत १८८५ मध्ये घाटावरच्या एखाद्या ओसरीत पोचली असती. माझ्या आजीच्या आईनं सूप बाजूला ठेवलं असतं. कोण जाणे, तिनं त्यातच मूग बांधून दिले असते.

आमचं वाचनालय आता बदललंय. काका गेले. वर एक मजला चढला आणि तिथं अभ्यासिका आहे. चाळीस टेबलं, चाळीस दिवे, पहाटे पाचपासून जागा धरायला रांग. सगळी पोरं-पोरी स्पर्धा परीक्षेची. खालच्या कपाटांकडं फारसं कुणी येत नाही, पण वर पाय ठेवायला जागा नसते. त्यावर नाक मुरडणारे लोक मला आवडत नाहीत. कोरडवाहू पाच एकरांत दोन भावांची वाटणी होते, सोयाबीनच्या भावात घर चालत नाही, तेव्हा पोरगी भविष्य म्हणून जाहिरातीतल्या पदसंख्येकडं बघणार, नाहीतर कुठं बघणार? तिच्या पुस्तकांनी तिला तेवढंच भविष्य दाखवलंय हे खरं, पण निदान ते दाखवलंय.

मी तिथं आठवड्यातून दोनदा मराठीचा तास घेते. मार्चमध्ये एका मुलीच्या वहीत समाजसुधारकांचं पान उघडं होतं. डावीकडं ग्रंथ, उजवीकडं नावं, जोड्या लावा. तिसरी ओळ: स्त्रीपुरुष तुलना, ताराबाई शिंदे, १८८२. हिरव्या रंगानं ठळक केलेली. ९३ वर्षं कुणाला नाव माहीत नव्हतं आणि आता त्या चाळीस टेबलांवर प्रत्येकाला सालासकट पाठ आहे. मी विचारलं, ही बाई कुठली माहितीय? नाही म्हणाली, तो प्रश्न आजवर आलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी घरची प्रत नेऊन दिली. तिनं चाळून पाहिली. "मॅडम, यातलं किती वाचायचं?"

"परीक्षेसाठी? काहीच नाही. साल तुला येतंच."

तिला ते जरा लागलं असावं. पुस्तक पिशवीत टाकलं तिनं.

परीक्षा झाली, निकाल लागला. यादीत तिचं नाव नव्हतं. परवा अभ्यासिकेच्या जिन्यात भेटली, पुन्हा फॉर्म भरलाय म्हणाली. मग तिला एकदम आठवलं.

"मॅडम, तुमचं पुस्तक माझ्याकडं नाहीये. आमची आत्या सध्या आमच्याकडंच राहते ना, तिनं घेतलं. दोनदा मागितलं मी. देत नाही."